रहस्यकथा कोणत्या वाचाव्या?

बीडजवळच्या डोंगरावर नारायणगड आहे. नाव ऐकून तट, बुरूज आणि भुयारे डोळ्यांपुढे यावीत. परंतु हा लढाऊ किल्ला नव्हे. नगद नारायण महाराजांचे हे स्थान मराठवाड्यात ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते, आणि आषाढी-कार्तिकीला तेथे भाविकांची दाटी होते. वारकरी परंपरेच्या अशा स्थानी कीर्तन हे आलेच, आणि कीर्तन म्हटले की संतचरित्रेही आली. रहस्यकथांचा विचार करू पाहणाऱ्याने आरंभी अशा कीर्तनातील एखाद्या परिचित कथेकडे लक्ष द्यावे. उत्कंठा म्हणजे काय, हे तेथे जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच दुसरीकडे कळेल.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घ्या. भयंकर दुष्काळ पडलेला आहे. बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे दामाजीपंतांच्या ताब्यात आहेत. हुकूम नसताना ते ती उपाशी लोकांसाठी मोकळी करतात. ही वार्ता बेदरला पोहोचते. त्यांना पकडून आणण्यासाठी शिपाई निघतात. इकडे दामाजीपंत मृत्यूकडे चालले आहेत आणि तिकडे विठू नावाचा एक साधा सेवक दरबारात धान्याची सगळी किंमत मोजून पावती घेत आहे. पैसे पोहोचले, हे श्रोत्याला ठाऊक आहे. दामाजीपंतांना मात्र त्याचा पत्ता नाही. मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ही कथा लहानपणापासून ऐकलेली असते. तरीही कीर्तनकार शिपायांचे वर्णन करू लागला की मंडप स्तब्ध होतो.

‘शेवट कळला की मजा गेली’ असे रहस्यकथांविषयी नेहमी म्हटले जाते. दामाजीपंतांची कथा सांगते की हे विधान अर्धेच खरे आहे. शेवट ठाऊक नसल्यामुळे जो धक्का बसतो त्याला विस्मय म्हणावे. तो एका क्षणाचा असतो. शेवट ठाऊक असूनही, किंबहुना वाचकाला नायकापेक्षा अधिक ठाऊक असल्यामुळेच, जी ओढ लागते ती उत्कंठा. ती तासभर टिकते. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनी हाच भेद एका दृष्टान्ताने समजावून दिला होता. दोन माणसे मेजाशी बसून बोलत आहेत आणि मेजाखाली अकस्मात बाँब फुटतो. प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तेच बाँब ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवला, तर त्या दोघांचे क्षुल्लक बोलणेदेखील त्याला असह्य होते. हिचकॉकचा बाँब आणि कीर्तनकाराची पावती ह्यांचे काम एकच. एकात भय अधिक, दुसऱ्यात करुणा अधिक, इतकाच काय तो फरक.

रहस्यकथा निवडताना हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ निराशा टळते. पुस्तकांच्या दुकानात ‘थरारक’ ह्या एका शब्दाखाली नाना प्रकारचा माल मांडलेला असतो. वस्तुतः त्यात निदान तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्याचा प्रश्न ‘हे कोणी केले?’ हा, ही शोधकथा अथवा गुप्तहेरकथा. दुसऱ्याचा प्रश्न ‘आता ह्यातून हा सुटणार कसा?’ हा, ही खरी उत्कंठाकथा. तिसऱ्याचा प्रश्न ‘जे दिसते आहे ते खरे की भास?’ हा, ही गूढकथा किंवा भयकथा. ज्याला कोडी सोडविण्याची हौस आहे त्याच्या हाती भुताटकीची कादंबरी दिली, तर तो शेवटी खुलासा शोधीत बसेल आणि न मिळाल्यामुळे चिडेल. ज्याला जीव मुठीत धरून वाचावयाचे आहे त्याला वेळापत्रके आणि जबान्या ताडून पाहण्याचा कंटाळा येईल. ह्यात दोष पुस्तकाचा नसतो, निवडीचा असतो.

मराठीत ह्या प्रकारांची बीजे कशी पडली, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले आणि अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. पहिल्या पुस्तकात विधवांच्या दुःस्थितीचा विचार होता, तर दुसऱ्यात अद्भुताची मोहिनी होती. वाचक मोठ्या संख्येने धावले ते दुसऱ्या वाटेने. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ आली. गंमत अशी की त्याच वर्षी इंग्लंडात विल्की कॉलिन्स ह्यांची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी निघाली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिंदुस्थानी हिरा पुढे इंग्लंडातील एका घरातून नाहीसा होतो, आणि त्याचा तपास अनेक जण आपापल्या निवेदनातून सांगतात, अशी तिची रचना आहे. एकाच वर्षीच्या ह्या दोन पुस्तकांत एक पद्धती अद्भुताची आहे आणि दुसरी पुराव्याची.

पुराव्याच्या पद्धतीला पोलीस लागतात, न्यायालय लागते, आणि साक्ष खरी की खोटी हे तपासण्याची समाजाला सवय लागते. एडगर अॅलन पो ह्यांनी १८४१ मध्ये द्युपाँ हा तर्कनिष्ठ शोधक निर्माण केला आणि १८८७ मध्ये कॉनन डॉईल ह्यांचा शेरलॉक होम्स अवतरला. हिंदुस्थानात पुराव्याचा कायदा १८७२ मध्ये झाला आणि बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारी कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली. असे वातावरण तयार होईपर्यंत मराठी वाचकाची भूक इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स ह्यांच्या छापाच्या कथानकांनी भागविली. गुप्त वाटा, वेषांतरे, हरवलेले वारस, दुष्ट कारस्थानी ह्यांनी भरलेली ही कथानके गो. ना. दातारशास्त्र्यांसारख्या लेखकांनी इतक्या सहजतेने मराठी केली की ‘कालिकामूर्ति’ किंवा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचणाऱ्याला त्यांत परकेपणा जाणवत नसे. ‘वीरधवल’चे कर्ते नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे त्याच वाटेचे. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेल्या ह्या लेखकाने अंथरुणावरून लिहिलेल्या साहसकथांनी धडधाकट वाचकांना रात्र-रात्र जागविले.

त्यानंतर जे नाव घ्यावयाचे ते बाबूराव अर्नाळकरांचे. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा आणि मृत्यू १९९६ चा. एक हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि ह्या विक्रमाची नोंद गिनेस बुकाने घेतली. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा सोबती छोटू, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसे घरोघर पोहोचली. प्रतिष्ठित टीकाकारांनी त्यांकडे फारसे पाहिले नाही. वडीलधाऱ्यांनी ती पुस्तके मुलांच्या हातातून हिसकावून घेतली. आणि मुलांनी ती पाठ्यपुस्तकात दडवून वाचली. हिंदीत देवकीनंदन खत्री ह्यांच्या ‘चंद्रकांता’ने आणि उर्दूत इब्ने सफी ह्यांच्या ‘जासूसी दुनिया’ने जे केले, तेच अर्नाळकरांनी मराठीत केले. त्यांनी माणसाला वाचनाची चटक लावली. ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. बीडसारख्या भागात १९४८ पर्यंत निजामी राजवट होती आणि कारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. शाळेत मराठीचे लाड नसताना मराठी अक्षराशी माणसाचे नाते जोडून ठेवणारे कोणतेही पुस्तक मोलाचेच ठरते, मग त्याच्या मुखपृष्ठावर पिस्तूल असले म्हणून काय झाले?

तथापि लोकप्रियतेचा एक तोटाही झाला. पातळ पुठ्ठ्याच्या, स्वस्त कागदावरच्या ह्या पुस्तिका वाचनालयांतून हातोहात फिरल्या, फाटल्या आणि संपल्या. ग्रंथसंग्रहालयांनी ज्यांना जपण्यालायक मानले नाही त्या पुस्तकांच्या प्रती पुढील पिढीला कोठून मिळणार? ज्या घरात माळ्यावरच्या पेटीत जुन्या रहस्यकथा पडून असतील, त्या घराने त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार विचार करावा. मराठी माणूस वाचू लागला त्या इतिहासाचे ते कागद आहेत.

आता प्रत्यक्ष शिफारशीकडे वळावे. आरंभ कोठून करावा? दहाबारा वर्षांच्या मुलामुलींसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ह्याहून चांगला सोबती मराठीत विरळा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवरून संकटात शिरतो आणि बुद्धीने बाहेर पडतो. त्याच्या हाती शस्त्र नाही. चौकसपणा, धीटपणा आणि मित्रांवरचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल. साहस म्हणजे मारामारी नव्हे, हा धडा मुलाला उपदेशाविना मिळतो.

शोधकथेची गोडी लावावयाची असेल तर डॉईल ह्यांची १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आलेली बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची कादंबरी प्रथम द्यावी. तीत एक पिढीजात शाप आहे, ओसाड माळ आहे, रात्रीची भयाण आरोळी आहे; म्हणजे भुताटकीचे सर्व साहित्य आहे. परंतु होम्स त्या भयाची एकेक गाठ तर्काने सोडवितो. ह्यात आणखी एक खुबी आहे. कादंबरीच्या मोठ्या भागात होम्स दूर असतो आणि बिचारा वॉटसन एकटाच त्या माळावर असतो. त्यामुळे वाचकाला आपल्याच अंगावर जबाबदारी आल्यासारखे वाटते. ज्यांना इंग्रजी नको असेल त्यांना होम्स मराठी भाषांतरांत भेटेल. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांनी १९३२ पासून लिहिलेल्या ब्योमकेश बक्षीच्या कथाही ह्याच पंक्तीतल्या. ब्योमकेश स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो; गुन्हेगार पकडण्यापेक्षा सत्य कळणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि कलकत्त्याच्या खानावळी व भाड्याच्या खोल्या मराठी वाचकाला लंडनहून अधिक जवळच्या वाटतात.

कोड्याचा शुद्ध आनंद हवा असेल तर अॅगाथा ख्रिस्ती ह्यांना पर्याय नाही. १९२६ ची रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी आणि १९३९ ची, एका बेटावर जमलेल्या दहा अपरिचितांची कादंबरी, ह्या दोन तरी वाचाव्याच. ह्यांचा शेवट कोणी सांगू लागल्यास कान झाकून घ्यावेत. परंतु एकदा वाचून झाल्यावर पहिली मात्र पुन्हा उघडावी. दुसऱ्या वाचनात दिसते की लेखिकेने खोटे असे काहीच लिहिले नव्हते. सर्व दुवे उजेडात मांडलेले होते, वाचकानेच ते पाहिले नाहीत. रोनाल्ड नॉक्स ह्यांनी १९२९ मध्ये शोधकथेसाठी दहा नियम सांगितले. त्यांचा इत्यर्थ एवढाच, की शोधकाला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे. ऐनवेळी अज्ञात जुळा भाऊ काढून दाखविणारा लेखक वाचकाशी जुगारात लबाडी करतो.

ज्यांना रक्तपाताचे वावडे आहे आणि तरीही पुस्तक खाली ठेवू नये असे वाटते, त्यांनी डाफ्ने द्यु मोरिए ह्यांची १९३८ ची ‘रिबेका’ वाचावी. मोठ्या घरात दुसरेपणावर आलेली एक लाजाळू तरुणी, आणि त्या घराच्या कोनाकोपऱ्यात वावरणारी पहिल्या पत्नीची आठवण, एवढ्यावर ही कथा उभी आहे. त्या तरुणीचे नाव अखेरपर्यंत सांगितलेले नाही; मृत स्त्रीचे नाव मात्र मुखपृष्ठावर आहे. सासरी आलेल्या कोणत्याही मुलीला ह्यातील धाक समजावून सांगावा लागणार नाही. उत्कंठेला पानोपानी रक्तपात लागतो ही समजूत दूर करण्यास हे एक पुस्तक पुरेसे आहे.

मराठीतील उत्तरकाळच्या लेखकांत सुहास शिरवळकर (१९४८–२००३) हे तरुण वाचकाचे लाडके. न्यायालयात डाव टाकणारा बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद अशी त्यांची पात्रे आहेत. त्यांचे संवाद चुरचुरीत असतात आणि वेग असा की शंभर पाने कधी संपली ते कळत नाही. ज्या तरुणाने शाळा सुटल्यापासून पुस्तक हाती धरलेले नाही, त्याला परत वळविण्यास ह्यांचा उपयोग होतो. गोव्याचे गुरुनाथ नाईक हेही अशाच दांडग्या लेखणीचे; त्यांचा कॅप्टन दीप एके काळी वाचनालयांच्या फळ्यांवर ठाण मांडून होता.

भयकथेच्या प्रांतात नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांचे स्थान वेगळे आहे. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग ह्यांच्या १९७५ च्या एका कादंबरीवर बेतलेली आहे. परंतु परकी कल्पना मराठी मातीत रुजविण्याची दातारशास्त्र्यांची कला येथेही दिसते. धारपांचे भय स्मशानात बसून राहत नाही. ते नेहमीच्या घरात, जिन्याखाली, माजघराच्या दाराशी येते. म्हणूनच ही पुस्तके प्रौढांनी वाचावी आणि लहान मुलांपासून दूर ठेवावी. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या गूढकथा आकाराने लहान आहेत. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ ह्या संग्रहांतील एकेक कथा एका बैठकीत संपते, पण मनातून लवकर जात नाही. मतकरींचे रहस्य बहुधा माणसाच्या मनात असते, अपराधात किंवा हव्यासात. भूत हे केवळ त्याचे बाह्य रूप.

ही यादी अर्थातच पुरी नव्हे, आणि रोज नवी पुस्तके निघतच राहणार. म्हणून नावांपेक्षा पारख अधिक उपयोगी. नवे पुस्तक घरात आणताना तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न असा, की ज्याचा जीव धोक्यात आहे तो माणूस म्हणून वाचकाला कळला आहे काय? दामाजीपंतांची काळजी वाटते, कारण त्यांनी कोठारे का उघडली हे आपल्याला ठाऊक असते. ज्याच्याविषयी काहीच कळलेले नाही त्याच्या मानेवर सुरी ठेवून उत्कंठा निर्माण होत नाही. दुसरा प्रश्न, अपराधी ओळखला जातो तो पुराव्याने की चेहऱ्याने? काळा रंग, व्यंग, परकी भाषा किंवा एखादी जात अथवा धर्म हीच जेथे दुष्टपणाची खूण ठरते, ते पुस्तक मुलाला तर्क शिकवीत नाही, पूर्वग्रह शिकविते. तिसरा प्रश्न, मेलेल्या माणसाचे दुःख कोणाला होते काय? जेथे प्रेत हे केवळ कोडे घालण्याचे निमित्त असते, आणि विशेषतः स्त्रीची विटंबना ही मसाल्यासारखी पेरलेली असते, तेथे लेखकाची लेखणी चलाख असली तरी ते पुस्तक परत करावे.

ह्या तिन्ही प्रश्नांतून जे पुस्तक पार पडेल ते मुलांपासून लपवू नये. उलट, वडीलधाऱ्यांनी ते स्वतः वाचावे आणि जेवताना त्यावर बोलावे: संशय कोणावर आला, का आला, आणि तो कोठे चुकला. साक्ष आणि अफवा ह्यांतील भेद, घाईने दोष न देण्याची सवय, आणि आपल्या पहिल्या तर्काविषयी थोडा संशय, हे गुण नागरिकाला हवेत, आणि ते रहस्यकथेच्या निमित्ताने घरात हसतखेळत येऊ शकतात. ‘असली पुस्तके वाचू नकोस’ असे म्हटल्याने मूल ती वाचावयाचे थांबत नाही. ते फक्त पारख न करता, जे हाताला लागेल ते, एकटे वाचू लागते.